भरती, रगडा आणि फुटबॉल

बेंगळुरूत हलसूरच्या बाजूला गौतमपुरा नावाची वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, दाटीची घरं, आणि तिथे बुद्ध, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मदर तेरेसा यांच्या जोडीला पेलेचाही पुतळा आहे. संगणकाच्या कामासाठी जग ज्या शहराला ओळखतं, तिथल्या एका वस्तीनं ब्राझीलच्या फुटबॉलपटूला अशा पंगतीत बसवलंय, हे मला इथे पोस्टिंगवर येईपर्यंत माहीत नव्हतं.

या शहराचा फुटबॉलचा इतिहास जुना आणि मानाचा आहे. मुंबईतला रोव्हर्स कप पहिल्यांदा जिंकणारा भारतीय संघ बेंगळुरूचा होता. बँगलोर मुस्लिम्सनं तो १९३७ मध्ये जिंकला आणि १९३८ मध्ये पुन्हा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन इथलेच. त्या काळच्या म्हैसूर राज्यानं संतोष ट्रॉफी चार वेळा जिंकली: १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९. त्यानंतर मात्र सगळं थंड. राज्याचं नाव कर्नाटक झालं, शहर कितीतरी पटींनी वाढलं, पण पुढची संतोष ट्रॉफी यायला मार्च २०२३ उजाडला. रियाधच्या मैदानावर मेघालयाला ३-२ असं हरवून कर्नाटकानं ती आणली. मध्ये ५४ वर्षं गेली.

आता आपल्या सेनादलाच्या संघाकडे बघा. सर्व्हिसेसनं संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली १९६०-६१ मध्ये. मग तिथेही पन्नास वर्षं दुष्काळ. पण २०११-१२ पासून चित्र पालटलं. २०११-१२, २०१२-१३, २०१४-१५, २०१५-१६, २०१८-१९ आणि २०२३-२४ अशी सहा विजेतेपदं बारा-तेरा वर्षांत आली. २०१६ ची अंतिम लढत नागपुरात झाली आणि समोर महाराष्ट्र होता. सर्व्हिसेस २-१ नं जिंकली. माझ्यासारख्या मराठी फौजीनं त्या दिवशी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न मी सोयीनं टाळला. त्याच वर्षी आर्मी ग्रीननं ड्युरँड कपही जिंकला.

पडलेला संघ पुन्हा उभा कसा राहतो, हा प्रश्न गेली दोन वर्षं माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांनी मला गाठलं. त्यांच्या फुटबॉल संघानं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बरीच वर्षं एकही सामना जिंकला नव्हता. "कर्नल साहेब, थोडी फौजी शिस्त लावा," एवढंच त्यांचं मागणं होतं. माझ्याकडे सकाळचे दीड तास होते. शिवाय आमच्या पलटणीचे एक निवृत्त सुभेदार साहेब बेंगळुरूतच होते. मूळचे गडहिंग्लजचे, म्हणजे फुटबॉल रक्तातच. पलटणीच्या संघात ते बारा वर्षं खेळले होते. निवृत्तीनंतर एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून बारा तासांची ड्युटी करत होते. आम्ही दोघांनी ते काम घेतलं.

शिस्त लावून संघ सुधारेल अशी बऱ्याच लोकांची समजूत असते. शिस्त लागतेच, पण ती दुसऱ्या पायरीवर. पहिली पायरी भरतीची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिल्या दिवशी मैदानावर जमलेली मुलं पाहिली आणि गोष्ट लक्षात आली. ती सगळी आधीच प्रवेश मिळालेली, वर्गातून गोळा केलेली मुलं होती. दोघांकडे बूट नव्हते आणि एकाला मित्रानं ओढून आणलं होतं. कॉलेजपासून दोन किलोमीटरवरच्या मैदानात मात्र रोज संध्याकाळी पोरं जीव तोडून खेळत होती. त्यातला एकही या कॉलेजात नव्हता. कारण साधं होतं. फी परवडत नाही, बारावीनंतर कामाला लागायचं, आणि खेळून पुढे काय, या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नाही.

बेंगळुरूकडे पूर्वी याच प्रश्नाचं उत्तर होतं. आयटीआय, एचएएल, एलआरडीई या सरकारी आस्थापनांचे स्वतःचे फुटबॉल संघ होते. एमईजी सेंटर, एएससी सेंटर, ५१५ आर्मी बेस वर्कशॉप हे आपल्या वर्दीवाल्यांचे संघही शहराच्या लीगमध्ये उतरत. गौतमपुरा, ऑस्टिन टाउन, मर्फी टाउन इथल्या मुलाला ठाऊक असायचं की पाय चांगला चालला तर कारखान्यात नोकरी लागेल. सकाळी सराव, मग कामाची पाळी, महिन्याला पगार. आईबाप मुलाला मैदानावर जाऊ देत, कारण मैदानाच्या पलीकडे घर चालताना दिसत होतं. एचएएलचा संघ तर २०१०-११ मध्ये आय-लीगपर्यंत पोहोचला. पण एकंदरीत खेळाडूंची नोकरभरती आटत गेली, आणि वस्त्यांमधल्या मुलांना मैदानावरून पुढे नेणारा रस्ताही आटला. मुलं तीच होती, पाय तेच होते. दार बंद झालं होतं.

ज्यांना दुसरं दार सापडलं ते पुढे गेले. ऑस्टिन टाउनचा कार्ल्टन चॅपमन जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल ॲकॅडमीत गेला, तिथे घडला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. आपल्या कोल्हापूरचंही तसंच. पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामन्याच्या दिवशी शहरात काय वातावरण असतं ते मी वेगळं सांगायला नको. त्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याआधी तो लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. वेड कोल्हापूरनं दिलं, पण निवड, निवास आणि रोजचं प्रशिक्षण यासाठी एक संस्था पाठीशी उभी राहावी लागली.

फौजेत हे दार तीन ठिकाणी उघडतं. पहिलं, बॉइज स्पोर्ट्स कंपनी. आठ ते चौदा वर्षांची मुलं निवडायची, रेजिमेंटल सेंटरमध्ये ठेवायची, शाळा आणि खेळ दोन्ही चालवायचं आणि वय झालं की भरती करून घ्यायचं. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रात ही कंपनी आहे. दुसरं, चांगल्या खेळाडूंची थेट भरती. तिसरं दार कुणाच्या फारसं लक्षात येत नाही, पण मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साधा जवान म्हणून आलेला मुलगा पलटणीच्या कंपनी-कंपनीतल्या स्पर्धेत दिसतो, कुणीतरी उस्ताद त्याला हेरतो आणि वर पाठवतो.

या तिसऱ्या दाराचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. खेळाडू म्हणून नाही, शिपाई म्हणून. सियाचीनला राहिला, मग राजस्थान, मग सिक्कीम. २०१५ मध्ये फौजेच्या आंतरविभागीय क्रॉसकंट्रीत धावला, तिथून स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. अठराव्या वर्षी या मुलाकडे बघून कुठल्या कॉलेजनं क्रीडा कोट्यातून प्रवेश दिला असता?

आता कॉलेजं काय करतात ते पाहू. स्पर्धेच्या आधी क्लबमधले दोन-तीन तयार खेळाडू शोधायचे, त्यांची फी माफ करायची, हजेरीकडे काणाडोळा करायचा आणि सामन्याच्या दिवशी जर्सी घालून उभं करायचं. करंडक आला तर माहितीपत्रकावर फोटो. तो खेळाडू घडवला क्लबनं, वस्तीनं आणि त्याच्या आईनं. कॉलेजनं केवळ आयत्या बिळावर नागोबा व्हायचं. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज जास्त देतं, मुलगा तिकडे जातो, आणि तीन वर्षांनी हातात ना पदवी ना नोकरी. कॉलेजकडेही संघ म्हणून काही उरत नाही. मी याला भरती म्हणत नाही, ही भाड्यानं आणलेली वरात आहे.

म्हणून आम्ही प्राचार्यांकडे एकच मागणी केली. दरवर्षी चार मुलांची फी माफ करा, पण ती वस्तीतल्या मैदानांवरून आम्ही निवडू. आणि दोन अटी घाला: पंचाहत्तर टक्के हजेरी आणि वर्षाअखेर पास. निवडताना सुभेदार साहेबांची पद्धत बघण्यासारखी होती. चेंडू पायात असताना मुलगा काय करतो याकडे ते फारसं बघतच नसत. चेंडू गेल्यावर तो परत धावतो का, सोबत्याची चूक झाली तर त्याच्यावर ओरडतो की त्याची जागा भरून काढतो, आणि हरत असताना शेवटच्या दहा मिनिटांत काय करतो, एवढंच बघायचे. "साहेब, पाय आपण शिकवू. हे शिकवायला लई टाइम लागतो," असं म्हणायचे.

मग प्रशिक्षण. आपल्या वाचकांपैकी जे फौजेत होते त्यांना रगडा या शब्दाचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की रगडा म्हणजे शिक्षा नव्हे, रोज थोडं थोडं अंग घासून तयार करणं. एनडीएत आमच्या स्क्वॉड्रनला कॅडेट निवडता येत नसत. जो वाट्याला येईल तो आपला. तरीही वर्षानुवर्षं तळाला असलेली स्क्वॉड्रन दोन-तीन टर्ममध्ये क्रॉसकंट्रीत वर आलेली मी पाहिली आहे. कारण पहिला किती जोरात आला यावर तिथे भागत नाही. शेवटचे दहा जण किती मागे राहिले यावर स्क्वॉड्रनची जागा ठरते. फुटबॉलचंही तेच. अकरातला सर्वांत कच्चा खेळाडू कोण, हे समोरच्या संघाला दहा मिनिटांत कळतं आणि मग सगळे हल्ले तिकडून येतात. म्हणून आमचा निम्मा वेळ कच्च्या तिघांवर गेला.

सराव अगदी साधा होता. आठवड्यात पाच दिवस, सकाळी पावणेसहाला फॉल-इन. पहिले सहा आठवडे धावणं, पासिंग आणि चेंडू ताब्यात घेणं, एवढंच. सामना फक्त शनिवारी. सरावानंतर प्रत्येकाला दोन उकडलेली अंडी, केळी आणि दूध. ही सूचना मी प्राचार्यांसमोर मांडली तेव्हा त्यांना ती किरकोळ वाटली, पण उपाशीपोटी येणाऱ्या मुलाला तुम्ही कितीही पळवा, तो तिसऱ्या आठवड्यात आजारी पडतो. संध्याकाळी घरोघरी जेवण पोहोचवण्याचं काम करणारा आमचा एक बचावपटू रात्री साडेअकराला घरी पोहोचायचा. त्याच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस सराव कॉलेज सुटल्यावर ठेवला. नियम सगळ्यांना सारखाच असावा, हे मान्य. पण कमांडरला आपला माणूस झोपतो किती हेही माहीत असावं लागतं.

पहिल्या हंगामात आम्ही सगळे सामने हरलो. पूर्वी पाच-सहा गोलांनी हरायचो, आता एक-दोन गोलांनी. हा फरक मैदानावर मोठा असतो, पण कॉलेजच्या सूचनाफलकावर त्याला जागा नसते. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी सरळ विचारलं, की एवढ्या फी-माफीत दोन तयार स्ट्रायकर आले नसते का? प्रश्न वाजवी होता. पैसा त्यांचा होता आणि निकाल शून्य होता.

मी त्यांना वेस्ट पॉइंटचा हिशेब दाखवला. वेस्ट पॉइंट ही अमेरिकी भूसेनेची ॲकॅडमी, आणि तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळायचा त्यांचा वेगळा खेळ. दरवर्षी भूसेना विरुद्ध नौसेना असा सामना होतो आणि अख्खा देश तो बघतो. २००३ मध्ये भूसेनेचा संघ तेराच्या तेरा सामने हरला. २००२ ते २०१५ असा सलग चौदा वर्षं नौसेनेकडून हरला. २०१४ च्या हंगामासाठी जेफ मंकन हे प्रशिक्षक आले. त्यांच्यापुढची अडचण आमच्याहून मोठी होती. तिथे येणाऱ्या मुलाला अभ्यासाची कडक चाळणी पार करावी लागते आणि पदवीनंतर पाच वर्षं लष्करी सेवा करावी लागते. धंदेवाईक खेळाची स्वप्नं पाहणारी धिप्पाड मुलं तिकडे वळतच नाहीत. मंकन यांनी मोठ्या विद्यापीठांनी न घेतलेली, पण ही अट मनापासून मान्य असलेली मुलं आणली, आणि त्यांच्या अंगाला बसेल अशी धावण्यावर भर देणारी खेळाची पद्धत घट्ट धरून ठेवली. पहिल्या हंगामात ४ विजय, ८ पराभव. दुसऱ्या हंगामात त्याहून वाईट, २ विजय आणि १० पराभव. तरी त्यांना काढलं नाही. तिसऱ्या हंगामात ८ विजय, आणि नौसेनेवर २१-१७ अशी मात. त्यानंतर १० विजय, मग ११.

मी समितीला म्हटलं, दुसऱ्या वर्षी त्या माणसाला घरी पाठवलं असतं तर तिसरं वर्ष कुणाला दिसलं असतं? त्यांनी आम्हाला एक वर्ष दिलं.

दुसऱ्या हंगामात आम्ही पहिले दोन सामने जिंकलो आणि उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टीवर हरलो. करंडक नाही. पण पहिल्या चार मुलांपैकी तिघं वर्षाची परीक्षा पास झाली. चौथ्यानं कॉलेज सोडलं आणि कामाला लागला. वडिलांचं आजारपण आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्याचा हिशेबही याच कागदावर मांडायला हवा, म्हणून सांगतो. फी माफ झाली तरी मुलगा कॉलेजात असतो तेव्हा घरातला एक पगार बुडतो, हे फी माफ करणाऱ्यांना सहसा दिसत नाही. फौजेच्या भरतीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पहिल्या महिन्यापासून घरी पैसे जातात. कॉलेजांना तेवढं शक्य नाही, पण ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, मैदानाच्या देखभालीत दिवसाचे दोन तास कमाईचं काम देता येतं. महाराष्ट्राला तर हे नवं नाही. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट आपल्याच घरची आहे.

कुणी म्हणेल, बेंगळुरू एफसीनं काय केलं? २०१३ मध्ये स्थापना, पहिल्याच हंगामात आय-लीगचं विजेतेपद, २०१६ मध्ये एएफसी कपची अंतिम फेरी. तयार खेळाडू आणूनच ना? बरोबर आहे. पण त्यांच्यामागे एक मोठा उद्योगसमूह होता, पूर्णवेळ प्रशिक्षक होता आणि सुनील छेत्री होता. व्यावसायिक क्लबाचं काम जिंकणं हेच आहे. कॉलेजचं काम मुलं घडवणं आहे, आणि त्यांच्याकडे तीन वर्षं तोच मुलगा रोज असतो. कुठल्याही क्लबाला हेवा वाटावा अशी ही गोष्ट. ती सोडून क्लबाची नक्कल करायची, तीही क्लबाच्या पैशाशिवाय, यात शहाणपण कुठलं?

आता हे लिहिण्याचं कारण. येत्या प्रवेशांच्या वेळी त्या चार जागा ठेवायच्या की नाही, हा विषय समितीपुढे पुन्हा आला आहे. माझी बदलीही जवळ आली आहे. मी गेल्यावर हे काम चालू राहायचं असेल तर ते एका कर्नलच्या हौसेवर टांगलेलं असून चालणार नाही. त्यासाठी पगारी, पूर्णवेळ माणूस लागतो. आणि तो माणूस कुठे सापडेल ते मला ठाऊक आहे.

आपले जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. त्यातले कितीतरी जण पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून पीटीचे कोर्स करून आलेले असतात. पंधरा-सतरा वर्षं त्यांनी रोज सकाळी शंभर माणसं फॉल-इन केलेली असतात, दमलेल्याला हेरलेलं असतं, रडणाऱ्याला उभं केलेलं असतं. आणि निवृत्तीनंतर हा माणूस मॉलच्या दारात गाड्यांच्या डिक्क्या तपासतो. दुसरीकडे शेकडो कॉलेजांची मैदानं सकाळी सहाला रिकामी पडलेली असतात. या दोन गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निवृत्त मंडळींना माझं सांगणं आहे, की एआयएफएफचा डी सर्टिफिकेट कोर्स करा. प्रशिक्षक म्हणून ती सुरुवातीची पायरी आहे आणि थोड्या दिवसांत होते. मग आपल्या तालुक्याच्या कॉलेजात जा, प्राचार्यांना भेटा आणि पद मागण्याआधी एक महिना मैदान मागा. संस्थाचालकांना सांगणं आहे, की सुरक्षारक्षक नेमता तसा प्रशिक्षक नेमा, त्याला तीन वर्षं द्या आणि पहिल्या वर्षी त्याच्याकडे करंडक मागू नका. किती मुलं आली, किती टिकली, किती पास झाली, एवढं विचारा.

आमच्या सुभेदार साहेबांनी समितीला अर्ज दिला आहे. पगार त्यांनी सोसायटीच्या फाटकावर मिळतो तेवढाच मागितला आहे, एक रुपयाही जास्त नाही. अर्जावर निर्णय पुढच्या महिन्यात आहे.